बुधरीच्या बापाचा खुलासा

वडसा,
मंगळवार, धान कापणीचे दिवस

आदरणीय संघपालदादा यांस,

तुमच्या एकुलत्या बहिणीचा एकुलता नवरा हरिदास याचा सविनय जयभीम.

आपली प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करतो. वहिनींचा गुडघा कसा आहे? मागे सांगितलेलं मोहाचं तेल चोळताहेत ना? (मोह म्हटल्याबरोबर कपाळाला आठ्या घालू नका. तेल टोळीचं, म्हणजे मोहाच्या बीचं निघतं, दारू फुलाची. मी तेलाबद्दलच बोलतो आहे.) इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. सर्व म्हणजे मी आणि बायना, कारण तिसरी तुमच्याकडे आहे. फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंत, म्हणून दहावीनंतर पहिल्यांदाच एवढा मोठा कागद लिहायला बसलो आहे. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घ्या.

मागच्या रविवारी तुम्ही आलात, उंबऱ्यावरूनच रिनाचं दप्तर आणि कपडे मागितलेत, आणि माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला गाडीत बसवून नागभीडला घेऊन गेलात. दारुड्याच्या घरात भाची ठेवणार नाही, असं तुमचं म्हणणं. म्हणणं रास्त आहे, मीही ठेवली नसती. अडचण एवढीच की या घरात दारुडा कोणी नाही. तुमच्याकडे पुरावा कसला, तर नागभीड स्टेशनच्या रस्त्यावरचा एक फ्लेक्स. त्यावर आपली रिना रडते आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘बुधरी (नाव बदलले आहे), वय नऊ. आई वारली. वडील दारूच्या आहारी. तिला द्या थोडं कोवळं ऊन.’ शेजारी पैसे पाठवायचा काळापांढरा चौकोन. आता दादा, ‘आई वारली’ हे वाचून तुम्ही घाबरून बायनाला फोन लावलात, तो खुद्द बायनाने उचलला, आणि वरून तुम्हालाच दिवाळीला आला नाहीत म्हणून झापलं. म्हणजे पहिलं वाक्य जागच्या जागी खोटं ठरलं. एखाद्याला वाटलं असतं की मग दुसरंही खोटंच असणार. तुम्हाला वाटलं, दोनातलं एक तरी खरं असलंच पाहिजे! सारी नोकरी सिग्नल पाहून गाड्या सोडण्यात गेली तुमची. फ्लेक्स पाहून भाची उचलताना तेवढी चौकशी केली नाहीत.

तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो. गडचिरोलीला ‘कोवळं ऊन’ नावाची एक बालकल्याण संस्था आहे. (आपल्या भागात ऊन कोवळं असतं हे ज्याला वाटलं, त्याने मे महिना इथे काढलेला नाही हे नावावरूनच कळतं.) ही संस्था गरीब मुलांना शिकवते, दवाखान्यात नेते, वह्या देते; त्याबद्दल माझी तक्रार नाही. होळीनंतर आमच्या झाडीपट्टीतल्या कंपन्यांची नाटकं बंद झाली की मीही त्यांच्यासाठी हात धुण्यावरची पथनाट्यं करतो. जंतूचं काम मीच करतो. मोसमात खलनायक आणि उन्हाळ्यात जंतू, अशी माझी कला तुम्हाला ठाऊकच आहे.

तर या संस्थेत दीपिका मॅडम म्हणून एक अधिकारी आहेत. त्या मोठ्या शहरात एका कार्यशाळेला जाऊन आल्या आणि तिथून एक नवीन भीती घेऊन आल्या. कोणाचीही खाजगी माहिती सांभाळून ठेवली पाहिजे, लहान मुलांची तर डोळ्यांत तेल घालून, असा नवा कायदा आला आहे म्हणे. कायदा चांगलाच आहे. पण चांगली गोष्ट कोणाच्या हातात पडते त्यावर सगळं असतं. आल्या आल्या मॅडमनी मुलांची सगळी माहिती एका लोखंडी कपाटात घातली, त्याला मोठं कुलूप लावलं, आणि किल्ली हरवू नये म्हणून त्याच कुलपाला सुतळीने बांधून ठेवली. हे मी पाहिलं आहे. किल्ली लोंबत असते. संगणकाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवला आहे, आणि त्याच्यावर लाल अक्षरात ‘गोपनीय’ असं लिहिलं आहे, म्हणजे नेमकं काय वाचायचं ते नवख्या माणसालाही कळावं.

मग जुने कागद नष्ट करायची वेळ आली. त्यासाठी कागदाच्या पट्ट्या करणारं यंत्र आणलं. आता कागद उभा घातला तर अक्षरांचे तुकडे पडतात, आणि आडवा घातला तर एकेक ओळ अखंड बाहेर येते. संस्थेने कागद आडवा घातला. पोती भरली. पोती पाहून माझ्यातला कलावंत जागा झाला. नाटकात लग्नाच्या प्रवेशाला वरून फुलं उधळावी लागतात, आणि खरी फुलं आमच्या नाटक कंपनीला परवडत नाहीत. मॅडमना म्हटलं, द्या आम्हाला. पर्यावरणाला मदत होते म्हणून त्यांनी आनंदाने दिली. प्रयोगात नवरानवरीवर ती वृष्टी झाली, पुढच्या रांगांवरही झाली, आणि लोक केसातल्या पट्ट्या काढून वाचायला लागले. एकाने तर मोठ्याने वाचलं की चैतू अजून अंथरूण ओलं करतो. (चैतू म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला. नाव बदललेलं नाही, आता बदलून उपयोग नाही.) पोरगं आईच्या मांडीवर नाटक पाहत होतं. ते उठून निघून गेलं आणि आठवडाभर शाळेत गेलं नाही. मला दीपिका मॅडमचा इतका राग आला की माझा पुढचा प्रवेश फार रंगला.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर शहाणपण आलं असेल. आलं, पण वेगळंच. मॅडमनी ठरवलं की आता एकाही मुलाचा चेहरा दिसता कामा नये. स्वच्छता स्पर्धेत पहिल्या आलेल्या पाच मुलांचा फ्लेक्स गडचिरोलीला लागला, तो प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारून. दादा, पेपरात काळी पट्टी कोणाच्या डोळ्यांवर असते? लोक बसमधून उतरायचे, फ्लेक्सपुढे उभे राहायचे, आणि एवढ्याशा पोरांनी काय दरोडा घातला असेल याची चर्चा करायचे. एका म्हाताऱ्याने कानांवरून नातू ओळखला आणि संस्थेत जाऊन बोंब ठोकली, “माह्या नातवानं काय चोरलं ते पयले सांगा, मग पट्टी लावा!” त्याला समजावता समजावता मॅडमचा घसा बसला.

आणि इथे, दादा, आपली रिना येते. नीट वाचा.

काळ्या पट्टीची फजिती झाल्यावर मॅडमना एक तोडगा सुचला. संस्थेच्या मुलाचा फोटो लावायचा नाही. संस्थेत नसलेल्या मुलाचा लावायचा. मुलगा संस्थेचा नाही म्हटल्यावर त्याची माहिती संस्थेची नाही, आणि माहितीच नाही तर सांभाळायचं काय? हा विचार त्यांच्या डोक्यात आला तेव्हा मी समोर जंतूच्या वेषात बसलो होतो. मला म्हणाल्या, हरिदासभाऊ, तुमची मुलगी नाटकात छान रडते ना? आता कोणत्या बापाला बरं वाटणार नाही? आपली रिना रडते म्हणजे काय रडते! मागच्या साली सावत्र आईच्या प्रवेशात तिने अख्खा मांडव रडवला, तुमच्यासकट. मी म्हटलं, पोरीचा चेहरा चार गावांत झळकेल, मोठ्या कंपनीच्या नजरेत येईल. मॅडमनी पुढे केला त्या कागदावर सही केली. वाचला नाही. आम्ही नट लोक कंपनीचा करारही वाचत नाही. वाचला तर कोणी नाटकात येणारच नाही.

फोटोखाली काय छापणार ते मला सांगितलं नव्हतं. संस्थेच्या कोणत्याही खऱ्या मुलाची गोष्ट उघड होऊ नये म्हणून मॅडमनी गोष्टही मनाने रचली. बुधरी हे नाव मनाने, मेलेली आई मनाने, दारुडा बाप मनाने. एका खोट्या मुलीची गोपनीयता राखण्यासाठी एका खऱ्या मुलीचं तोंड सहा फुटी फ्लेक्सवर लावलं. आणि ते तोंडही कोणाचं? ज्या पोरीला नाटकामुळे चारही बाजूंची गावं ओळखतात तिचं, आणि जिचा बाप दर हिवाळ्यात रंगमंचावर बाटली घेऊन झोकांड्या खातो तिचं! फ्लेक्स पाहून एकाही माणसाने विचारलं नाही की ही बुधरी कोण. सगळे म्हणाले, अरे, ही तर हरिदासची रिना, म्हणजे हा बुवा घरीही तसाच आहे तर.

त्यातून आमचा गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा. नदीपलीकडे ब्रह्मपुरीला असतो तर लोकांनी नुसती कीव केली असती. इथे वॉर्डातल्या दारूबंदी समितीच्या बाया थेट घरावर आल्या. पुढे शमीमबाई, आमच्या कंपनीचे पोशाख शिवणाऱ्या. (माझा खलनायकाचा काळा कोट त्यांनीच शिवला आहे, कंबर किती आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.) त्या म्हणाल्या, “हरिदासभाऊ, तू बाजूले सर. आमी घर पाहून राह्यलो, तुले काई म्हनून नाई राह्यलो.” तेवढ्यात पिठाच्या हाताने बायना बाहेर आली. सांत्वनाची तयारी करून आलेल्या दोन बाया तिला पाहून मागे सरल्या. मग झडती झाली आणि ट्रंकेतून बाटली निघाली. दादा, ती माझी नाटकातली बाटली! तिच्यात बिनसाखरेचा कोरा चहा असतो, तालमीसाठी भरून ठेवतो. शमीमबाईंनी वास घेतला, एक घोट घेतला, बाकीच्यांना दिला, आणि सगळ्यांचं एकमत झालं की आपण येणार हे कळल्यामुळे मी दारू ओतून त्यात चहा भरला. दारू सापडली असती तर दारुडा होतो; सापडली नाही म्हणून लबाड दारुडा ठरलो.

हे सगळं मी हसत सहन केलं. पण शाळेत बाईंनी रिनाला दुसरं अंडं वाढायला सुरुवात केली, कोणी जुना स्वेटर दिला, मैत्रिणींच्या आयांनी डोक्यावरून हात फिरवले. पहिले दोनतीन दिवस पोरगी खुशीत होती, मग गप्प झाली. एकदा मी तालमीवरून आलो तर जवळ आली, माझ्या मांडीवर चढली आणि हळूच माझं तोंड हुंगलं. नाटकातल्या बाटलीत चहा असतो हे जिला तान्हेपणापासून ठाऊक आहे, ती! मग म्हणाली, “बाबा, तुमी खरंच पेता काय?” मी तिला नाही म्हटलं. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. दादा, आजवर हजार लोकांनी मला शिव्या घातल्या आहेत, ती आमची दाद असते. पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी एसटीने गडचिरोली गाठली. बायनाला चल म्हटलं तर म्हणाली, “मी तं मेली आहो. मेलेल्या बाईचं तिथी काय काम?” एकटाच गेलो. आत शिरताना चहावाला ओरडला, “बुधरीचे बाबा आले, एक कट चहा वाढवा!” म्हणजे चहावाल्याला ठाऊक. फाटकावरच्या माणसाने मला बघून डोळे पुसले, म्हणजे त्यालाही ठाऊक. आता मॅडमचं ऐका. मी म्हटलं, माझ्या मुलीचा फोटो काढून टाका. त्या म्हणाल्या, कोणत्या मुलीचा? मी खिडकीतून बाहेरचा फ्लेक्स दाखवला. त्या म्हणाल्या, ती बुधरी आहे, आणि बुधरीची माहिती आम्ही बाहेरच्या माणसाला देऊ शकत नाही. मी म्हटलं, मी तिचा बाप. त्यांनी संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, बुधरीचे वडील व्यसनी आहेत, त्यांच्याशी बोलायचं नाही अशी नोंद आहे. मी रिनाचा जन्माचा दाखला पुढे ठेवला. तो रिनाचा आहे, बुधरीचा नाही, असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, बाई, रिना हीच बुधरी! तर त्यांनी घाबरून दार लावून घेतलं आणि कुजबुजल्या की असं मोठ्याने बोलू नका, रिना म्हणजे बुधरी हीच तर संस्थेची सर्वांत गोपनीय माहिती आहे. ती आम्ही मान्य केली तर कायद्याचा भंग होईल. मी विचारलं, आईची सही आणू? त्या म्हणाल्या, आई वारली आहे. मी म्हटलं, आई वडशाला भाकरी थापते आहे. त्या म्हणाल्या, नोंद दुरुस्त करायची असेल तर पालकाचा अर्ज लागतो. पालक कोण, तर बाप. बाप कसा, तर त्याच्याशी बोलायचं नाही असा.

मी खलनायक आहे दादा, मला लोकांना छळायची कला येते. पण पोटच्या पोरीबद्दल बोलायला बापाला परवानगी नाही, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक रिकामटेकड्याला तिचं रडणं बघायची मुभा, हे मला सुचलं नसतं. त्याला शिकलेलं माणूसच लागतं. कपाटाला कुलूप लावलं म्हणजे मुलं सांभाळली असं या लोकांना वाटतं. त्यांच्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ठेवलं तर नावाचा हरिदास नाही.

तर दादा, असं आहे. फ्लेक्समध्ये पोरीचं नाव खोटं, आईचं मरण खोटं, बापाचं व्यसन खोटं. खरे फक्त तिचे डोळे, तेही मीच रडायला लावलेले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याला आठवडा झाला. बायना रोज तिचं ताट काढते आणि परत ठेवते. राग सोडा आणि रिनाला पाठवून द्या. वहिनींना जयभीम, गुडघ्याला तेल चालू ठेवा.

तुमचा निर्व्यसनी,
हरिदास

ता. क. हे पत्र कोणाला दाखवू नका. चैतूचं ते अंथरुणाचं तर मुळीच बाहेर जाऊ देऊ नका, पोराची अब्रू आहे. वहिनींना सांगितलं तर चालेल. त्यांच्या बचत गटाला कळलं तरी हरकत नाही, त्या बाया आपल्याच आहेत.

ता. क. दुसरा. रिनाला शनिवारच्याच गाडीने पाठवा, उशीर नको. कारण सांगायचं राहिलं. बुधरीच्या शिक्षणाचा खर्च उचलणारे एक साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब रविवारी तिला भेटायला गडचिरोलीला येणार आहेत. ती भेट नीट पार पडली तर सगळे फ्लेक्स काढीन असा शब्द मॅडमनी दिला आहे. (हो, मी पुन्हा गेलो होतो. तिथे मी नावाचा हरिदास नव्हतोच, बुधरीचा बाप होतो.) रिनाला फक्त थोडं रडायचं आहे. मॅडम म्हणत होत्या की बापाची गरज नाही, पण मी त्यांना पटवलं की बाप येऊन पस्तावल्याशिवाय या गोष्टीला शेवट नाही. तीन पानांचं भाषण लिहिलं आहे. बाटली फोडायची की पायाशी ठेवायची, एवढंच ठरायचं आहे. तुमचं मत कळवा.

ता. क. तिसरा. तुमच्याकडे बायनाचा लग्नातला मोठा फोटो आहे, तो रिनाबरोबर द्या. भिंतीवर लागेल. हार मी इथे घेईन.

दादा, जयभीम. मी बायना. पत्र पोस्टात टाकाले ह्यांनी माह्या हाती देलं. चिकटवाच्या आंधी वाचलं. मी जिवंत आहो. हे दारू पेत नाई, ते खरं आहे, माह्या गळ्याची आन. दारूचं व्यसन नाई ह्यांले. टाळ्यांचं आहे. फोटो देऊ नको. शनिवारची गाडी जाऊ दे. फ्लेक्स काढाले मी आन शमीमबाई उद्या इळा घेऊन जाऊन राह्यलो, वडशापासून सुरू करतो. नागभीडचा तू काढ.

फोटोच्या वेळी मले कोनी विचारलं नाई. पन रिनाले बी कोनी विचारलं नाई, ना ह्यांनी, ना त्या बाईनं, ना तू दप्तर उचललं तवा. तिले आता विचार. घरी येते म्हनली तं आनून दे, तुह्यापाशी राह्यते म्हनली तं राहू दे, मी येऊन भेटून जाईन. आन ती जे काई म्हनन ते कोनाले सांगू नको. ह्यांले बी नाई.